मान आधी, धन यथावकाश

मराठी माणसाला पैशातलं कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी आपली क्रियापदं एकदा तपासून पाहावीत. पगार ‘होतो’. हजेरी ‘पडते’. हप्ता ‘पोचतो’. पेन्शन ‘बसते’, उधारी ‘थकते’, लाच ‘खाल्ली’ जाते आणि बोनस दिवाळीच्या तोंडावर ‘जाहीर’ होतो. पैसा ज्या चालीने येतो, तेच क्रियापद आपण त्याला लावतो. या गर्दीत एकच रक्कम अशी आहे की जी होत नाही, पडत नाही, बसतही नाही; ती ‘स्वीकारावी’ लागते. ती म्हणजे मानधन. ‘आमचे अल्पसे मानधन स्वीकारावे, ही नम्र विनंती.’ कारखान्याच्या गेटवर सात तारखेला मालक हात जोडून उभा आहे आणि फिटरला ‘पगार स्वीकारावा’ म्हणून विनवतो आहे, हे दृश्य अजून कोणी पाहिलेलं नाही. रक्कम पोटापुरती असली की विनंती करावी लागत नाही.

पगार हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. बटाटा दिला, पाव दिला, चावी दिली आणि जाता जाता पगार दिला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पैसे चुकते करणे एवढाच. काम केलंस, पैसे घे, विषय संपला. तनखा फारशीतून आला, वेतन संस्कृतातून. गवयाला आणि कीर्तनकाराला मिळायची ती बिदागी. तिच्यात निरोप होता, पण लपवाछपवी नव्हती. बुवा आले, गायले, ठरलेली बिदागी मोजून घेतली आणि गाडीत बसले. या सगळ्या शब्दांना स्वतःच्या व्यवहाराची लाज वाटत नाही. मानधनाला वाटते. म्हणून ते पाकिटात तोंड लपवून येतं.

खरं तर या शब्दाचं मूळ घराणं मोठं आहे. संस्कृतात मानधन म्हणजे ज्याचं धन मान हेच आहे असा माणूस. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ काव्यात पहिल्याच सर्गात एक वनवासी हेर युधिष्ठिराला दुर्योधनाच्या कारभाराची बातमी देतो. दुर्योधनाच्या धनुर्धाऱ्यांना तो मानधन म्हणतो आणि लगेच पुढच्या शब्दात सांगतो की दुर्योधनाने त्यांचा धन देऊन सत्कार केलेला आहे. म्हणजे नुसत्या मानावर लढायला ते काही आलेले नव्हते. दुर्योधनाच्या स्वभावाबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण खजिनदार म्हणून तो आजच्या कुठल्याही व्याख्यानमालेच्या कार्यकारिणीत शोभून दिसला असता. तिथून पुढे हजार-दीड हजार वर्षांच्या प्रवासात हा समास माणसाला सोडून पाकिटाला चिकटला. मान माणसाकडे राहिला आणि धन कुठे गेलं ते कार्यकारिणीलाच ठाऊक.

व्याख्यानाचं निमंत्रण कसं येतं, ते ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

‘सर, आमच्या व्याख्यानमालेचं हे रौप्यमहोत्सवी वर्ष.’

‘वा, अभिनंदन.’

‘कार्यकारिणीत तुमचं नाव एकमताने आलं. विषय तुमच्या आवडीचा.’

‘हो, जमेल.’

‘येण्याजाण्याची काही गैरसोय होणार नाही. स्टेशनवर आमचा माणूस येईल. आणि सर, ते… मानधनाचं…’

इथे पलीकडचा आवाज, वधूपक्षाने बैठकीत देण्याघेण्याचा विषय काढावा तसा, एकदम खाली येतो.

‘आमची संस्था तशी लहान आहे, सर. पण फूल ना फुलाची पाकळी…’

फूल कोणतं, हे आजवर एकाही संस्थेने स्पष्ट केलेलं नाही. कमळाची पाकळी आणि शेवंतीची पाकळी यांत काही फरक आहे की नाही? रिझर्व्ह बँकेला जिचा दर ठाऊक नाही असं महाराष्ट्रातलं हे एकमेव चलन असावं. पण मी कुठलं फूल ते विचारत नाही. कोणीच विचारत नाही. अशा वेळी वक्त्याच्या तोंडून, मेंदूची परवानगी न घेता, एक वाक्य बाहेर पडतं: ‘अहो, त्याचं काय एवढं!’ या वाक्याने मराठी लेखकांचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं पुस्तकांच्या चोरट्या प्रतींनीही केलेलं नसेल. समोरचा माणूस ते वाक्य शब्दशः घेतो आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्तात नोंदवून ठेवतो.

त्याच कार्यक्रमाला मांडववाला असतो. त्याला कोणी पाकळी देऊ करत नाही. त्याचा दर खुर्चीमागे, गादीमागे, स्पीकरच्या खोक्यामागे ठरलेला. अर्धे पैसे आधी, उरलेले सामान टेम्पोत चढायच्या आत. तो बोलत नाही, त्याचा माइक मात्र मधेच शिट्टी मारतो, तरी त्याच्या बिलात रुपया कमी होत नाही. वक्ता दीड तास घसा कोरडा करतो आणि शेवटी स्टेजच्या पायरीशी एका हातात नारळ, दुसऱ्या हातात काचेचं स्मृतिचिन्ह, खांद्यावर मे महिन्यात लोकरी शाल अशा अवस्थेत खजिनदाराची वाट पाहत उभा राहतो. खजिनदार त्या वेळी नेहमी आइस्क्रीमच्या हिशेबात असतो.

मग तो येतो. पाकीट हातात देत नाही, खिशात सरकवतो. वर ‘राहू द्या हो, राहू द्या’ असंही तोच म्हणतो, जणू आपणच परत करत होतो. पाकीट तिथल्या तिथे उघडणं असभ्य. ते रिक्षात, खांबावरचे दिवे येतील तसतसं, हप्त्याहप्त्याने वाचावं लागतं. रक्कम कितीही असो, वर एक रुपया असतोच. पाकिटाला नाणं चिकटवलेलं असतं, ते पक्कं असतं. ते इतकं पक्कं असतं की संस्थेची खरी इच्छा तो एक रुपया देण्याचीच होती आणि बाकीच्या नोटा शोभेसाठी होत्या असा संशय यावा. शिवाय व्हाउचरवर सही करायची असते. एका गावी माझ्याकडून कोऱ्या व्हाउचरवर सही घेतली गेली. ‘आकडा नंतर टाकू, सर, घाई नको,’ असं सांगण्यात आलं. तो आकडा काय पडला हे कळलं तर लेखक म्हणून मला आनंदच होईल. माझी किंमत कोणीतरी कुठेतरी चांगली लावली आहे, एवढं तरी समाधान.

पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची सुरुवात १८७५ ची, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराची. तेव्हापासूनच्या दीडशे वर्षांत महाराष्ट्राने व्यासपीठावर सगळे विषय हाताळले. स्वराज्य झालं, समाजसुधारणा झाली, अणुशक्ती झाली, आता कृत्रिम बुद्धिमत्ताही होते आहे. राहिला तो एकच विषय: वक्त्याला किती द्यायचे ते आधी सांगावं की नाही.

दिवाळी अंकांबद्दल फार बोलत नाही, कारण हा लेख कुठेतरी छापून यायचा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाच्या वर्षाला एक सण जोडला. पण त्याच सणाबरोबर ‘यथावकाश’ हा शब्दही आमच्या पंचांगात शिरला. ‘मानधन यथावकाश पाठवू.’ यथावकाश तुळशीच्या लग्नाला सुरू होतो आणि होळीच्या पुढेमागे विझतो. पाडव्यानंतर आठवण करून दिली तर पुढच्या अंकाचं निमंत्रण येतं. त्याच अंकाचा कागद मात्र रोख पैशाने आलेला असतो. कागदवाल्याला मान नसतो, म्हणून बिचाऱ्याला धनावर भागवावं लागतं.

या शब्दाला न फसणारी एकच संस्था देशात आहे, ती म्हणजे आयकर खातं. मानधन म्हणा, दक्षिणा म्हणा, पाकळी म्हणा, ठराविक मर्यादेपलीकडे रक्कम गेली की दहा टक्के कापून घेतात. त्यातला मान किती आणि धन किती, हा प्रश्न ते विचारत नाहीत. मानावर वजावट मिळत नाही.

इथवर हसता आलं, कारण पाकीट पाहून चार दिवस रुसणाऱ्या वक्त्याचं पोट बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी पगारावर भरलेलं असतं. ज्यांची चूल मानधनावर पेटते त्यांच्या गावात हा शब्द जास्त हुशारीने वागतो.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. गांधीजयंतीचा मुहूर्त होता, त्यामुळे काम करणाऱ्या बाईला ‘सेविका’ म्हणायचं आणि पैशाला ‘मानधन’, हे ओघानेच आलं. ती मुलांचं वजन करते, उंची मोजते, गरोदर बाईच्या घरी जाते, पोषण आहार वाटते, लसीकरणाला माणसं गोळा करते, रजिस्टरं भरते आणि तीच माहिती पुन्हा मोबाइलमध्ये भरते. २०२१ साली राज्यातल्या पुष्कळ सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, इतके ते चालत नव्हते. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींचे अर्ज भरायला बसली तीही हीच. अर्जामागे ५० रुपये जाहीर झाले. त्यांना पगारही म्हटलं नाही आणि मानधनही नाही, ‘प्रोत्साहन भत्ता’ म्हटलं. एका बाईच्या एका कामासाठी सरकारकडे किती शब्द आहेत पाहा.

आणि धन? २०१८ च्या ऑक्टोबरपासून केंद्राने सेविकेचं मानधन महिन्याला ३००० चं ४५०० केलं. राज्य आपल्या परीने त्यात भर घालतं. मदतनिसाचं केंद्राचं मानधन त्याच वेळी १५०० चं २२५० झालं. मदतनीस म्हणजे सगळ्या पोरांचं नाक पुसणारी बाई. तिला मान कमी की धन, हे तिलाच विचारावं.

मला या प्रकरणातला सर्वांत रसरशीत भाग मार्च २०१८ मधला वाटतो. त्या महिन्यात राज्य सरकारने अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावायचं ठरवलं. मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्या माणसाने संप केला तर त्याला कायद्याने जाब विचारायची सोय. आता नीट लक्ष द्या. पैसे द्यायची वेळ आली की ही बाई हौसेने समाजकार्य करणारी मानसेवी. तिला पगार कसा देणार, तिचा अपमान होईल! पण तिने ‘उद्यापासून हौस नाही’ म्हटलं की ती अत्यावश्यक. तिच्यावाचून राज्य अडेल, म्हणून तिला हौस करावीच लागेल, नाहीतर गुन्हा. सक्तीची हौस ही कल्पना जगाच्या कामगार कायद्याला महाराष्ट्राने दिलेली देणगी ठरली असती. विधिमंडळात गदारोळ झाला, सत्तेतला मित्रपक्षही उलटला आणि त्याच महिन्यात निर्णयाला स्थगिती मिळाली. पुढे ४ डिसेंबर २०२३ ला याच बायकांनी पुन्हा संप केला आणि तो जानेवारीच्या अखेरपर्यंत चालवला. आझाद मैदानावर थंडीत बसलेल्या त्या बायकांना कोणी शाल दिली नाही. शाली सगळ्या वक्त्यांना गेल्या होत्या.

सर्वोच्च न्यायालयात हा शब्द दोनदा तपासला गेला. २००६ साली कर्नाटकच्या खटल्यात ठरलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी नागरी पद नव्हे. मग एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या सेविकांच्या ग्रॅच्युइटीच्या खटल्यात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी निकाल दिला. हे काम अर्धवेळचं आहे हे म्हणणं न्यायालयाला पटलं नाही, आणि सेविकांना मिळणारं मानधन ग्रॅच्युइटी कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येत बसतं, असं निकालात स्वच्छ लिहिलं गेलं. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाकीट उघडून पाहिलं आणि आत पगार आहे असं सांगितलं. पाकिटावरचं नाव मात्र अजून तेच आहे.

आशाताईंची गोष्ट याच्या पुढची. ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आलं आणि गावोगावी ‘आशा स्वयंसेविका’ उभ्या राहिल्या. सेविकेच्या आधी ‘स्वयं’ लागलं की मानधनसुद्धा जड होतं. मग कामागणिक ‘मोबदला’ मिळतो. बाळंतपणाला दवाखान्यात नेल्याचे वेगळे, लसीकरणाचे वेगळे, अशी ती यादी आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. मान थेट जिनिव्हाहून आला. पगार मागण्यासाठी मात्र त्यांना जिल्हा परिषदेच्या दारातच बसावं लागतं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईचं तर गणितच वेगळं. केंद्राने २००९ साली तिला महिन्याला १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा नसते, म्हणून मान नसतो. राज्याने नंतर रक्कम वाढवली.

पुरुष सुटले असं कोणी समजू नये. २००० साली राज्यात शिक्षणसेवक आले. बी.एड., डी.एड. झालेला माणूस, वर्गात मुलं त्याला गुरुजी म्हणतात, आणि कागदावर तो सेवक. पहिली तीन वर्षं प्राथमिक शाळेत महिन्याला ३००० रुपये मानधन. पाढे तेच, फळा तोच, पोरं तीच; पण तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत तो जे शिकवतो ते शिक्षण नसून सेवा असते. २०२३ पासून ही रक्कम १६ हजार झाली, म्हणजे सेवेला बरे दिवस आले. महाविद्यालयांत तर ‘तासिका तत्त्वावर’ प्राध्यापक असतात. उच्च शिक्षणात तत्त्व राहिलं नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी वेळापत्रक पाहावं. निम्मे तास तत्त्वावरच चाललेले आहेत. या तत्त्वनिष्ठ माणसाला लग्नाच्या बैठकीत ‘कायम आहात का?’ असं विचारलं की तो ‘नेटसेट दोन्ही आहे’ असं उत्तर देतो. मुलीच्या बापाला कोणता सेट ते कळत नाही, पण पगार नाही एवढं बरोबर कळतं.

एक नियम मी आपल्या मनाशी बांधला आहे: पदाच्या नावात माया जितकी जास्त, तितका आकडा लहान. ग्राम रोजगार सेवक, कृषी सखी, पशु सखी, बँक सखी, आपदा मित्र. कलेक्टरला सरकार सखा म्हणत नाही. तहसीलदाराला दादा म्हणून आदेश निघत नाही. सचिवाला मंत्रालय-मित्र असं पदनाम देऊन पाहा आणि दुसऱ्या दिवशी संघटनेचं निवेदन येतं की नाही ते पाहा. ज्याला वेतन आयोग लागू आहे त्याला सरकार कधी नात्याने हाक मारत नाही.

आमदारांचंच घ्या. लोकांची सेवा करण्यासाठीच आपण राजकारणात आलो, हे ते दर पाच वर्षांनी न चुकता सांगतात. सेवेला मानधन या न्यायाने त्यांना पाकीट आणि नारळ मिळायला हवा. पण संविधानाच्या अनुच्छेद १९५ मध्ये विधिमंडळ सदस्यांसाठी शब्द आहे तो ‘वेतन आणि भत्ते’. माजी झाल्यावर निवृत्तिवेतन. उलट गावच्या सरपंचाला मिळतं ते मानधन. तोच सरपंच उद्या आमदार झाला की वेतनावर येतो. गावाकडून मंत्रालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुठेतरी मान गळून पडतो आणि नुसतं धन शिल्लक राहतं. त्यावर कोणी दुःख केल्याचं ऐकलेलं नाही.

सरकारला नावं ठेवून झाल्यावर स्वयंपाकघरात डोकावायला हरकत नाही. जुन्या मराठीत मोलकरीण हा शब्द होता. शब्द रोखठोक होता. त्यात मोल पहिलंच. आता तो असभ्य वाटतो, म्हणून आपण ‘मावशी’ म्हणतो. मावशी म्हटलं की ‘आमच्या घरच्यासारख्याच आहेत हो त्या’ हे आलंच. घरच्यासारख्या, म्हणजे रविवारची सुट्टी नाही. घरच्या माणसाला कसली सुट्टी? पाहुणे आले की थोडं जास्त थांबायचं, कारण पाहुणेही घरचेच. पगारवाढ मागितली की मात्र मावशी एकदम बाहेरच्या होतात आणि ‘हल्ली या लोकांचे भाव वाढलेत’ असं वाक्य ऐकू येतं. घरात मानधन हा शब्द आपण वापरत नाही, पण पद्धत तीच.

आता विनंती, आणि ती नम्र नाही. व्याख्यानमालांच्या चिटणीसांनी पहिल्याच फोनवर आकडा सांगावा. हजार असतील तर हजार म्हणावं, पाकळी म्हणू नये. वक्त्यांनी ‘त्याचं काय एवढं’ हे वाक्य टाकून द्यावं. सरकारी आदेशांचे मसुदे लिहिणाऱ्यांनी २०२२ चा निकाल टेबलावर ठेवावा आणि पुढच्या आदेशात मानधनाच्या जागी वेतन लिहून, त्यामागे जे जे येतं, भविष्य निर्वाह निधी, रजा, निवृत्तिवेतन, त्याचीही तरतूद करावी. आणि संपादकहो, माझा खाते क्रमांक लेखासोबत जोडला आहे. कृपया नारळ पाठवू नये.